गिरणीचा टोल

धुळ्यात आमची कॉलनी वसली तेव्हा ती विजेच्या शेवटच्या खांबावर होती. डीपीपासून, म्हणजे मोठ्या ट्रान्सफॉर्मरपासून, निघालेल्या तारा आमच्या परसातल्या कोपऱ्यावरच्या खांबापाशी येऊन संपायच्या. त्यापुढे कपाशीचं शेत होतं आणि शेतापलीकडे काही नव्हतं. शेवटच्या खांबावरच्या माणसाला जे मिळतं ते बाकीच्यांचं घेऊन झाल्यावर उरलेलं असतं. नळाच्या पाण्याचंही तेच होतं. अशा जागी राहून माणूस संशयी होत असावा. मी मात्र मूळचाच तसा होतो. धरणगावहून बिऱ्हाड आणलं तेव्हा स्वभावही सोबतच आणला होता.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरची आहे. मी एका हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. संध्याकाळी सहाच्या सुमाराला आमच्या घरातली ट्यूब नुसती लुकलुकायची, पेटायची नाही. पंख्याची पाती मोजता यायची. टीव्हीवरचं काळंपांढरं चित्र चारी बाजूंनी आत सरकायचं आणि बातम्या देणाऱ्या बाई पोस्टाच्या तिकिटावर बसल्यासारख्या दिसू लागायच्या. एप्रिल महिन्यातल्या धुळ्यात पंखा मंद होणं म्हणजे काय, हे धुळ्याबाहेरच्या माणसाला सांगून उपयोग नाही.

व्होल्टेज पडतं, हे सगळ्यांना मान्य होतं. ते कोण पाडतं, हेही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आमच्या मागच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. तिच्या मालकीणबाईंना सगळी कॉलनी अक्का म्हणायची. त्या नरडाण्याकडच्या एका खेड्यातून आल्या होत्या. नवरा गेल्यावर वाट्याची जमीन विकून त्यांनी ही गिरणी घेतली होती. मुलगी अमळनेरला कॉलेजात शिकत होती. आईचं पोट आणि मुलीचं शिक्षण, दोन्ही त्या दोन दगडांच्या फटीतून पिठाबरोबर बाहेर पडत होतं.

गिरणीवर आधी तेलावरचं इंजिन होतं. त्याची पुकपुक अर्ध्या मैलावर ऐकू यायची आणि बायका डबे काढायच्या. पुढे अक्कांनी विजेची मोटर बसवली. ती इतक्या हळू आवाजात चालायची की गिरणी सुरू आहे की बंद, हे कुणाला कळेना. गिऱ्हाईक तक्रार करू लागलं. तेव्हा अक्कांनी रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा कुठूनसा मिळवला आणि शाळेत टांगतात तसा दाराशी टांगला. दुपारभर वीज नसायची. पाचनंतर ती यायची, जायची, पुन्हा यायची. गिरणीच्या बोर्डावर तीन फेजचे तीन लाल दिवे होते. ते तिन्ही सारखे पेटून स्थिर झाले की अक्का हातोडीने रुळावर चार टोल द्यायच्या आणि मग गिरणीचा खटका ओढायच्या. एक दिवा जरी मान टाकून असला तरी त्या थांबायच्या, कारण तशा विजेवर मोटर जळते. टोल झाला म्हणजे वीज चांगली आली आणि आता टिकणार, एवढा विश्वास कॉलनीचा त्या टोलावर होता. असा विश्वास मी फार थोड्या संस्थांवर पाहिला आहे.

आणि नेमका त्या टोलानंतर दोन मिनिटांत व्होल्टेज पडायचं.

इतिहासाच्या शिक्षकाला पुरावा लागतो. निदान आपल्याला तो लागतो असा त्याचा समज असतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला काट्याचा व्होल्टमीटर मी सही करून घरी आणला. विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्याने तो वापरायची रीत सांगितली.

"सर, गळका पाइप शोधतात तसं करायचं. आधी मीटरच्या बोर्डापाशी मोजा, मग शेवटच्या खोलीत मोजा. मोठा बल्ब लावून मोजा, काढून मोजा. जिथे काटा खाली येईल तिथे तुमचा चोर."

त्याने चोर हा शब्द उगीच वापरला. माझ्या डोक्यात तो तसाच बसला.

सकाळी बोर्डापाशी काटा दोनशे पंचवीसवर होता. दोनशे वॅटचा बल्ब लावून स्वयंपाकघरात मोजलं तर दोनशे एकवीस. म्हणजे घरातल्या तारा ठीक होत्या. संध्याकाळी सहाला टोल झाला आणि काटा बोर्डापाशीच घसरत घसरत एकशे पासष्टवर आला. वीज माझ्या घरात शिरण्याआधीच वाटेत कुणीतरी लुटत होतं. घर निर्दोष सुटलं. मी एक वही सुरू केली. डाव्या रकान्यात टोलाची वेळ, उजव्या रकान्यात काट्याचा आकडा. पंधरा दिवसांत वही गिरणीविरुद्धच्या आरोपपत्रासारखी दिसू लागली.

एक अडचण होती. काही दिवस टोल व्हायचा, गिरणी घरघरायची आणि काटा मात्र दोनशेच्या वरच राहायचा. अशा दिवसांपुढे मी कंसात लिहीत असे, 'आज दळण कमी असावे'. मी तिथे जाऊन डबे मोजले नव्हते. पण संशय एकदा घरात राहायला आला की त्याचं सामान आपणच लावून देतो.

वायरमनलाही मी बोलावून घेतलं. मध्यम वयाचा, अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट घातलेला, फार न बोलणारा माणूस. त्याने खांबावर चढून जोड पाहिले, एक सैल होता तो आवळला, खाली उतरून परसात हात धुतले.

"जोडानं चार-पाच व्होल्टचा फरक पडेल. बाकी लोडचा मामला आहे. तुमच्या घरात काय काय आहे, सर?"

"दोन ट्यूब, दोन पंखे, टीव्ही, इस्त्री. मिक्सर."

"मोटर?"

"नाही."

हे सांगताना माझा डावा पाय परसातल्या पालथ्या घमेल्याला लागला होता. त्या घमेल्याखाली अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर होती. नळाला थेट मोटर लावायला नगरपालिकेची सक्त बंदी होती. सापडली तर मोटर जप्त आणि नळ बंद. पण आमचा नळही शेवटचाच होता. मोटर लावल्याशिवाय त्यातून पाण्याची धार नव्हे, नुसती बातमी यायची. वायरमनने घमेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं. या कॉलनीत कुणाच्याच घमेल्याखाली काही नसतं."

मला तो उद्धट वाटला. गिरणीवाल्या बाईंचं आणि याचं काही साटंलोटं असावं, अशी नोंद मी मनात करून ठेवली.

कॉलनीला एक अध्यक्ष होते. ते एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते आणि घराच्या दारावरच्या पितळी पाटीत 'निवृत्त' हा शब्द त्यांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होता. त्यांनी ओट्यावर सभा घेतली. सतरंजी, तांब्याभांडं, अध्यक्षांच्या खुर्चीवर टर्किश टॉवेल.

"बंधूंनो, आज आपण एका ऐतिहासिक वळणावर उभे आहोत," ते म्हणाले. आम्ही बसलेलो होतो. "हा प्रश्न केवळ दिव्यांचा नाही, हा नागरी स्वाभिमानाचा आहे."

"माझा तर टीव्हीचा आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "रविवारी सिनेमात हिरो मरतो की जगतो ते मला तीन आठवडे कळलेलं नाही."

"मरत नाही. मी अमळनेरला मेव्हण्याकडे पाहिला."

हशा झाला. अध्यक्षांनी हातानेच तो खाली बसवला आणि अर्जाचं काम माझ्यावर सोपवलं. मी इतरांच्या दिमाखाला हसतो, पण चांगलं मराठी लिहून दाखवायची संधी आली की माझीही मान ताठ होते. 'निवासी वस्तीतील विद्युत्‌दाबाच्या ऱ्हासास सर्वस्वी कारणीभूत असलेल्या पिठाच्या गिरणीची वीजजोडणी तोडणेबाबत' असा विषय मी लिहिला. 'सर्वस्वी' हा शब्द लिहून झाल्यावर तो मी स्वतःशी पुन्हा वाचला आणि मला तो आवडला. खाली माझ्या वहीतले आकडे जोडले. कंसातले दिवस सोडून. चाळीस घरांपैकी अडतीस घरांनी सह्या केल्या. त्यातले चौघे तिथूनच डबा काखेत मारून दळायला गेले. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी तर दुसऱ्या दिवशीही लागणारच होती.

आठ दिवसांत वीज कार्यालयातून अक्कांना पत्र आलं. येत्या शनिवारी संध्याकाळी साहेब पाहणीला येणार, तक्रार खरी निघाली तर जोडणी तोडणार. अर्जाची नक्कल सोबत होती. अक्का ती हातात घेऊन आमच्या परसाच्या दाराशी आल्या. भुवयांवर पीठ होतं.

"भाऊ, हाई तुम्हीच लिखं ना?"

मी म्हणालो, सगळ्यांनी मिळून केलाय तो अर्ज.

"सह्या बठ्ठास्न्या शेतस. अक्षर तुम्हनं शे. इतलं चांगलं अक्षर या कॉलनीमा कोन्हंच नही."

त्यांच्या हातातल्या नकलेवरचं माझं अक्षर मी पुन्हा पाहिलं.

"मन्ही गिरणी बंद पडनी तं आम्ही मायलेकीसनी काय खावानं? पोरले कॉलेजमातून काढी लेऊ?" त्यांचा आवाज चढला नाही. "असं करा. गुरुवारले मी गिरणी लावतच नही. देखा तुम्हना काटा काय सांगस."

आरोपी स्वतः परीक्षा मागत होता. मला त्यातही काहीतरी डाव दिसला, पण मी हो म्हटलं.

गुरुवारी सहाला आमच्या बोर्डापाशी आठदहा माणसं गोळा झाली. अध्यक्ष खुर्ची घेऊन आले होते. अक्का दाराबाहेर उभ्या होत्या. गिरणी बंद. सहा वाजून गेले, सव्वासहा झाले, साडेसहा झाले. काटा दोनशे दहावर खिळ्याने ठोकल्यासारखा उभा. ट्यूब लख्ख. टीव्हीवरच्या बाई काठोकाठ भरलेल्या.

"सिद्ध झालं!" अध्यक्ष म्हणाले. "दूध का दूध आणि पानी का पानी."

अक्कांनी आत येऊन काट्याकडे वाकून पाहिलं. त्यांना खरोखर काही समजत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग त्या गेल्या. मी वहीत आकडा लिहिला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण इतका सरळ पुरावा मला कधीच आवडत नाही. इतिहासात असा पुरावा सापडला की तो बहुधा कुणीतरी मागाहून करून ठेवलेला असतो.

जेवताना बायकोने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या जरा आपटूनच ठेवला.

"जपून प्या. टाकी कोरडी आहे."

"का? आज नळाचा दिवस होता ना?"

"होता. पाणी आलं आणि गेलं. मोटर लावायची राहिली."

"का राहिली?"

"अहो, टोलच झाला नाही तर मोटर लावणार कधी? मागच्या उन्हाळ्यात टोलाआधी लावली तेव्हा जळली होती, विसरलात? शेजारच्या वहिनींचंही राहिलं. सगळ्या लेनचंच राहिलं. तुम्ही तिकडे काटा बघत बसलात आणि आम्ही इकडे टोलाची वाट बघत."

हातातला घास तसाच ठेवून मी वही आणली. आमच्याकडे नळ एक दिवसाआड यायचा, संध्याकाळी साडेपाच ते सात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बायको पाण्याच्या दिवसांभोवती गोल करत असे. मी वहीतले दिवस त्या गोलांशी लावून पाहिले. काटा पडला तो प्रत्येक दिवस गोलातला. मी कंसात ढकललेला, 'दळण कमी असावे' असा प्रत्येक दिवस गोलाबाहेरचा. पंधरा दिवस हा पुरावा माझ्या स्वतःच्या अक्षरात माझ्यासमोर होता.

हिशेब सोपा होता. गिरणीची मोटर दहा हॉर्सपॉवरची, तीही तीन फेजवर वाटलेली. कॉलनीत घरं चाळीस, प्रत्येक घमेल्याखाली अर्धा घोडा. चाळीस घरांतल्या बायका अक्कांच्या टोलाकडे कान लावून बसायच्या. टोल झाला की एकाच मिनिटाला वीस घोडे उधळायचे, आणि त्या बारीक तारांच्या शेवटच्या टोकाला आम्ही बसलेलो. व्होल्टेज आम्हीच पाडत होतो. अक्का फक्त त्याची वेळ सांगत होत्या. आणि मोटर ही बोलायची वस्तूच नसल्यामुळे चाळीस घरांपैकी एकाही घराने ती हिशेबात धरली नव्हती. वायरमनशी खोटं बोलता बोलता मी ते स्वतःशीही बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गिरणीत गेलो आणि हे सगळं सांगितलं. अक्का झिजून गुळगुळीत झालेल्या दळायच्या दगडाला छिन्नीने टाके घालत होत्या. छिन्नी थांबवून त्यांनी ऐकून घेतलं.

"मोटरा शेतस ते माले ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "रोज ऐकू येतस ना. पन मन्हा टोलवर लावतस, हाई नही ठाऊक."

"मग मोटरांचं तरी साहेबांना सांगायचं होतं. निदान काल सगळ्यांसमोर बोलायचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच एखादा अडाणी माणूस असावा. सांगितलं असतं तर चाळीस घरांचे नळ तुटले असते, त्या म्हणाल्या. लेकुरवाळ्या बायका कुठे जातील पाण्याला? आणि पुन्हा छिन्नी चालू केली.

अडतीस सह्या करणाऱ्यांचं गुपित ती बाई राखून बसली होती. बाहेर आलो तेव्हा अंगावर दगडाची भुकटी बसलेली होती.

अध्यक्षांना गाठलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुम्ही विद्वान आहात. पण मोटर? आपल्या कॉलनीत? माझ्या तरी घरी नाही."

"मग तुमच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी कसं चढतं?"

"प्रेशरनं," ते म्हणाले, आणि वर पाहिलं. जणू ते प्रेशर तिकडूनच येत असावं.

शनिवारी पाचलाच साहेबांची जीप आली. साहेब तरुण होते, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. सोबत तोच वायरमन. अध्यक्षांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, शाल आणि नारळ ताटात तयार होते, केळ्यांचा घड होता. साहेबांनी शालीकडे पाहिलं आणि विचारलं, "ही कशाला? या उन्हात?" मला त्यांच्याविषयी पहिल्यांदाच आशा वाटली.

मी पुढे होऊन म्हणालो, अर्ज मी लिहिला आहे, आणि तो चुकला आहे असा मला संशय आहे. एक परीक्षा घेऊ द्या.

"सर भावनेच्या भरात—" अध्यक्ष म्हणाले.

"घेऊ द्या की," साहेब म्हणाले. "मीटर इथेच अंगणात लावा. सगळ्यांना दिसेल."

वायरमन गिरणीत गेला आणि गिरणीचे तिन्ही फ्यूज उपसून घेऊन आला. ते सगळ्यांना दाखवून त्याने माझ्या हातात दिले. चिनी मातीचे ते तीन पांढरे ठोकळे मी सदऱ्याच्या खिशात टाकले. खिसा लोंबू लागला. आता गिरणीने ठरवलं तरी तिला एक कणही वीज मिळणार नव्हती. शनिवार हा गोलातला दिवस होता. काटा दोनशे आठवर.

सहा वाजले. मी हात वर केला आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्या अक्कांनी रुळावर चार टोल दिले.

क्षणभर काही झालं नाही. अध्यक्ष हसले. मग डावीकडच्या घरातून, कुठल्यातरी गोणपाटाखालून, भुंगा अडकल्यासारखा आवाज आला. मग दुसरा, उजवीकडून. घरोघरच्या पुरुषांनी अंगणातल्या कार्यक्रमाबद्दल बायकांना काय सांगितलं होतं कोण जाणे. बहुधा पुरुष जसं सांगतात तसं, म्हणजे काहीच नाही. बायकांनी टोल ऐकला आणि रोजचं काम केलं. काटा एकशे नव्वदवर आला, एकशे पंचाहत्तरवर आला. सगळी कॉलनी गुणगुणू लागली. अध्यक्षांच्या ओट्यावरचा बल्ब लाल झाला. आणि मग अगदी जवळून, अंगणाच्या मधोमध, तुळशीवृंदावनातून घर्रर्र असा आवाज सुरू झाला आणि वरच्या मंजिऱ्या थरथरू लागल्या.

साहेब उठले, तुळशीपाशी गेले, हात जोडले आणि विचारलं, "किती हॉर्सपॉवरची?"

अध्यक्षांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, बंद कर ते!" आतून उत्तर आलं, "टोल झाला की हो!"

वायरमन खांबाकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण सरकारी कागद हशाने बंद होत नाही. साहेब म्हणाले, व्होल्टेज कशाने पडतं ते कळलं. पण अर्ज आहे, त्यावर अडतीस सह्या आहेत आणि तो गिरणीविरुद्ध आहे. तो निकालात निघेपर्यंत तोडणीची टांगती तलवार राहणार. अर्जदारांनी कारण लिहून तो मागे घ्यावा. मोटरांचं माझं खातं नाही, ते पुढे म्हणाले. पण लेखी काही आलं तर मला ते नगरपालिकेला कळवावं लागेल.

'लेखी' म्हटल्याबरोबर अंगण रिकामं होऊ लागलं. अध्यक्षांनी सुचवलं की 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहावं. साहेब म्हणाले, त्यावर वरचा अधिकारी विचारील, कोणतं तांत्रिक कारण, आणि फाईल परत गिरणीवर येईल. मी सोबत येतो असं कुणी म्हणतं का, याची मी थोडा वेळ वाट पाहिली. प्रत्येकाला नेमकं तेव्हाच पाणी भरायचं होतं.

मग मी एकट्याने लिहिलं. या वेळी विषयात ऱ्हास नव्हता आणि 'सर्वस्वी' नव्हतं. 'माझ्या घरी नळाला अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आहे. ती व इतर घरगुती भार एकाच वेळी सुरू झाल्याने दाब कमी होतो. गिरणीचे फ्यूज काढलेले असतानाही तो तितकाच कमी झाला, हे आपण पाहिले आहे. गिरणीविरुद्धचा अर्ज मी लिहिला होता. तो चूक होता.' खाली सही केली. इतरांच्या घरचं मी लिहिलं नाही. ते अक्कांनीही इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

बायकोने कागद वाचला.

"घरात एकदा विचारायचं तरी होतं," ती म्हणाली. "नळ माझ्या हातात असतो, तुमच्या नाही." पुढचे दोन दिवस ती माझ्याशी फक्त कॅलेंडरविषयी बोलली.

गिरणीची जोडणी राहिली, तसं पत्र अक्कांना आलं. नगरपालिकेची दोन माणसं आमच्याकडे आली आणि घमेल्याखालची मोटर घेऊन गेली. घमेलं ठेवून गेली. नळ तोडला नाही, ताकीद दिली. कॉलनीत दुसऱ्या कुणाकडे ती गेली नाहीत, कारण लेखी फक्त आमचं होतं. अध्यक्षांनी वाटेत भेटल्यावर माझ्या 'नैतिक धैर्याचं' कौतुक केलं. त्यांच्या गच्चीवरची टाकी तेव्हा वाहत होती.

मोटर गेल्यावर शेवटच्या नळाची खरी अवस्था कळली. परसात कमरेएवढा खड्डा खणून नळ खाली घेतला, तेव्हा करंगळीएवढी धार लागली. पण टोल होऊन चाळिसातल्या उरलेल्या एकोणचाळीस मोटरा ओढू लागल्या की तीही आटायची. साडेपाचला पाणी, सहाला टोल. अर्ध्या तासात दोन घागरी. बायको खड्ड्यात उतरून घागर धरायची, मी वरून ओढून घ्यायचो.

आठवडाभराने माझ्या लक्षात आलं की टोल उशिरा होऊ लागला आहे. कधी सव्वासहा, कधी साडेसहाला पाच कमी. सवयीप्रमाणे आधी मला संशय आला. वही अजून होतीच. मी वेळा लिहायला सुरुवात केली. उशीर फक्त गोलातल्या दिवशी होत होता. मला वाटलं, अर्ज मीच लिहिला होता, तो राग ही बाई आता आमच्या पाण्याच्या दिवशी काढते आहे. कसा काढते ते मात्र मला सांगता येत नव्हतं, कारण पाणी तर आम्हाला जास्त मिळत होतं.

एका गोलातल्या दिवशी घागर ओढताना मी मान वर केली. कोपऱ्यावर गिरणीचं दार उघडं होतं. आतल्या बोर्डावरचे तिन्ही लाल दिवे सारखे, स्थिर, लख्ख पेटलेले मला परसातून दिसत होते. डब्यांची रांग दाराबाहेर आली होती आणि गिऱ्हाईक चुळबुळत होतं. अक्का रुळापाशी हातोडी घेऊन बसल्या होत्या आणि आमच्या परसाकडे बघत होत्या. बायकोने शेवटची घागर वर दिली, पदराने तोंड पुसलं आणि खड्ड्यातून बाहेर आली. तेव्हा अक्का उठल्या आणि त्यांनी चार टोल दिले.

कॉलनी गुणगुणू लागली. आमची धार बारीक झाली आणि थांबली. घरातली ट्यूब मंदावली.

थोड्या वेळाने अध्यक्ष कुंपणापाशी आले.

"सर, हल्ली टोल फार उशिरा होतो. तुमच्या लक्षात आलंय का? मला तर काहीतरी वेगळाच संशय येतो."

"तिसरा फेज उशिरा येत असेल," मी म्हणालो, आणि वही खिशात घातली. त्या दिवसाचा रकाना मी कोराच ठेवला.